दुःख आणि दुखणें

दुःखाविषयीं आपल्याकडे जितकें लिहिलें गेलें आहे तितकें क्वचितच दुसऱ्या कोणत्या विषयावर लिहिलें गेलें असेल. सांख्यांचें शास्त्र त्रिविध दुःखाच्या उल्लेखानेंच सुरू होतें, बुद्धाच्या चार आर्यसत्यांत पहिला मान दुःखाचाच आहे, आणि आमच्या संतांनीं व नाटककारांनीं तर तें आपापल्या परीनें घरोघर पोंचविलें आहे. परंतु ह्याच शब्दापासून निघालेला आपला रोजच्या व्यवहारांतला 'दुखणें' हा शब्द तत्त्वज्ञानाच्या दिवाणखान्यांत फारसा आलेला दिसत नाहीं. त्याची जागा माजघरांत, खाटेजवळ, शेकाच्या पिशवीपाशीं. दुःखानें मनुष्य थोर होतो असें आपण मानतों. दुखण्यानें तो चिरचिरा होतो असा आपला अनुभव असतो. दुःखिताच्या सांत्वनाला लोक दूरवरून येतात. दुखणाइताची विचारपूस पहिल्या पंधरवड्यांत होते, आणि पुढें 'आतां बरें आहे ना?' हा प्रश्न अशा स्वरांत विचारला जातो कीं 'होय' ह्याखेरीज दुसरें उत्तर देणें असभ्यपणाचें वाटावें.

प्रस्तुत निबंधांत मला ज्या दुखण्याचा विचार करावयाचा आहे तें ह्या पंधरवड्याच्या पलीकडचें आहे. बोट भाजलें म्हणजे जें दुखतें तें उपकारक दुखणें होय. तें पहारेकऱ्याप्रमाणें ओरडतें आणि चोर गेला कीं गप्प बसतें. परंतु असा एक पहारेकरी कल्पावा कीं जो चोर नसतांना ओरडतो, रात्रंदिवस ओरडतो, आणि शेवटीं घरच्याच माणसांवर काठी उगारतो. ज्यांना आजचें वैद्यक स्वयंप्रतिकार-विकार म्हणतें त्यांची जात हीच आहे. शरीराच्या रक्षणासाठीं असलेली शक्ति त्यांत आपपरभाव विसरते. ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला सामान्यतः आमवात म्हणतात, त्या रोगांत ती सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या रोगांत ती मज्जातंतूंवरील वेष्टण कुरतडते, आणि मग स्नायू ताठरतात, पेटके येतात, झोंप मोडते. हे रोग एकदम मारीत नाहींत. बहुधा ते रोग्याबरोबरच म्हातारे होतात. त्यांच्यावर आतां चांगलीं औषधें निघालीं आहेत, पण रोगाची चाल मंदावली तरी दुखणें पुष्कळदां उरतेंच. ह्या उरलेल्या दुखण्याच्या उपशमासाठीं भांगेच्या झाडापासून काढलेलें औषध रोग्याला घेऊं द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न गेलीं तीस वर्षें युरोप-अमेरिकेंतील कायदेमंडळांत व न्यायालयांत गाजत आहे. त्याचा वैद्यकीय भाग वैद्यांकडे व कायद्याचा भाग वकिलांकडे सोंपविला तरी जो नीतीचा भाग मागें उरतो तो आपण आपल्या घरांत बसून विचारांत घेण्यासारखा आहे.

आपल्या घरांत असें मी मुद्दाम म्हणतों, कारण ह्या झाडाविषयींचें आपलें मत आपण विचारानें बनविलेलें नाहीं. तें आपणांस वारशानें मिळालेलें आहे. सुशिक्षित मराठी कुटुंबांत 'गांजा' हा शब्द उच्चारतांच डोळ्यांपुढें येते ती चिलीम, धुनी, आणि घर सोडून गेलेला कोणी चुलता. 'भांग' म्हटलें कीं महाशिवरात्र व काशीची थंडाई आठवते, आणि कपाळावरची आठी निम्मी उलगडते. वैद्यांच्या पोथींत हीच वनस्पति 'विजया' ह्या नांवानें येते, आणि मग तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार राहत नाहीं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत संकटांतून सुटका करण्यासाठीं ज्या वनस्पतींना आळविलें आहे त्यांत 'भंग' हें नांव आलेलें आहे. तें आजचीच भांग होय किंवा कसें, ह्याविषयीं पंडितांनीं खुशाल भांडावें. मागच्या ज्या पिढ्यांनीं गांज्याचें नांव निघतांच कानांवर हात ठेवले त्याच पिढ्यांत तान्ह्या मुलाला निजविण्यासाठीं अफूची बाळगोळी देणारीं घरें थोडीं नव्हतीं, आणि आजोबांच्या तपकिरीच्या डबीला तर चांदीचा मान होता. मादक पदार्थावरील आपला राग पदार्थाच्या गुणापेक्षां तो कोणाच्या हातांत दिसतो ह्यावर बराचसा अवलंबून असतो.

आधुनिक पाश्चात्त्य वैद्यकांत ह्या वनस्पतीचा प्रवेश झाला तो मुख्यतः कलकत्त्याहून, आणि त्यांतहि सांध्यांच्या दुखण्याचें निमित्त मोठें होतें, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. तेथील मेडिकल कॉलेजांत विल्यम ओशॉनेसी नांवाचे आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवीत असत. (हेच गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत तारायंत्राची उभारणी करणारे म्हणून नांवाजले.) त्यांनीं येथल्या पंडितांना व हकिमांना विचारलें, जुने आधार गोळा केले, नाना जातींच्या प्राण्यांवर प्रयोग केले, आणि १८३९ सालीं आपला निबंध विद्वानांपुढें ठेवला. ज्या रोग्यांवर त्यांनीं हें औषध आरंभीं वापरलें ते सांध्यांच्या दुखण्यानें बेजार झालेले होते. त्या तिघांस दुपारीं एकेक ग्रेन राळ देण्यांत आली. दोन तासांनीं त्यांच्यापैकीं एक जण बडबडूं लागला, मग गाऊं लागला, जेवण जास्त पाहिजे म्हणून ओरडूं लागला, आणि आपण ठणठणीत बरे झालों असें त्यानें जाहीर केलें. संध्याकाळीं तो निजला, आणि रात्रीं डॉक्टरांना घाईनें बोलावणें आलें. कारण त्याचे हात ज्या स्थितींत ठेवावे त्या स्थितींत तसेच राहत होते. पुढें तो शुद्धीवर आला. डॉक्टरांनीं हें सारें शांतपणें टिपून ठेवलें आहे. त्यांत भीति आहे, कुतूहल आहे, परंतु रोग्याच्या गाण्याबद्दल नापसंतीचा एकहि शब्द नाहीं.

मला ह्या हकीगतींत तें गाणेंच सर्वांत महत्त्वाचें वाटतें. आज एखाद्या रुग्णालयांत असा प्रकार घडला तर रोगी गायला ही गोष्ट 'अनिष्ट परिणाम' ह्या सदराखालीं नोंदली जाईल. ज्या औषधानें दुखणें शमतें आणि शिवाय बरेंहि वाटतें त्याविषयीं आपल्या मनांत एक खोल संशय असतो. लहानपणीं आपण एरंडेल प्यालों, काडेचिराइताचा काढा प्यालों. नाक दाबून घेतलेलें तेंच खरें औषध, ही समजूत तेव्हांच पक्की झाली. जणूं दुखणें हें एक पाप आणि काढा हें त्याचें प्रायश्चित्त. प्रायश्चित्तांत कोणी गाऊं लागला तर भटजींनीं रागवावें हें क्रमप्राप्तच आहे. परंतु ह्या रागाच्या मुळाशीं एक गोंधळ आहे. निरोगी तरुण जो धूर ओढतो तो शून्याच्या वर चढण्यासाठीं ओढतो. आमवाताचा रोगी जे थेंब घेतो ते शून्याच्या बऱ्याच खालून शून्याकडे येण्यासाठीं घेतो. दोघांच्याहि तोंडून एकच उद्गार निघेल, 'बरें वाटलें'. पण मराठींत 'बरें वाटणें' ह्याचे दोन अर्थ आहेत हें आपण एरवीं कधीं विसरत नाहीं. मरणाच्या दिवशीं पायांतील बेडी निघाल्यावर सॉक्रेटिस पाय चोळीत बसला आणि वेदनेच्या पाठोपाठ सुख कसें येतें ह्याचें त्याला नवल वाटलें, असें प्लेटोनें लिहून ठेवलें आहे. त्या क्षणीं त्या वृद्धावर सुखलोलुपतेचा आरोप करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. कारण बेडी सर्वांना दिसत होती.

बेडी दिसणें न दिसणें हाच ह्या प्रश्नाचा गाभा आहे. पण त्याकडे वळण्यापूर्वीं आपल्या देशांत ह्या वनस्पतीची जी एक मोठी चौकशी झाली तिच्याकडे पाहणें अवश्य आहे. विलायतेच्या पार्लमेंटांत १८९३ सालीं प्रश्न निघाल्यावरून सरकारनें सात सभासदांचें एक कमिशन नेमलें. त्यांत तीन हिंदी गृहस्थ होते. कमिशननें देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ सालीं आपला बहुखंडी अहवाल सादर केला. भांग-गांज्याच्या माफक सेवनानें सामान्यतः शरीर, मन किंवा शील ह्यांची हानि होत नाहीं. अतिसेवन घातक आहे. सरसकट बंदी आवश्यकहि नाहीं व इष्टहि नाहीं, असा त्याचा निर्णय होता. दोघां हिंदी सभासदांनीं आपलीं वेगळीं मतें जोडलीं, आणि सरकारला ह्या मालावर अबकारीचें उत्पन्न होतें हेंहि विसरतां कामा नये. तथापि त्या अहवालाचा एक भाग आजहि वाचण्याजोगा आहे. वेड्यांच्या इस्पितळांतील दप्तरांत वेडाचें कारण म्हणून 'गांजा' असें जागोजाग लिहिलेलें होतें. कमिशननें एकेक नोंद मुळाशीं जाऊन पाहिली, तेव्हां असें आढळलें कीं पुष्कळ ठिकाणीं हें कारण कोणा वैद्यानें शोधलेलेंच नव्हतें. वेड्याला आणून पोंचविणाऱ्या पोलिसाला कारणाचा रकाना भरावयाचा असे. आणि रकाना रिकामा ठेवण्यापेक्षां गांजा लिहिणें सोपें. अशा रीतीनें बनलेलीं मतें दप्तरांतून पुस्तकांत आणि पुस्तकांतून लोकांच्या तोंडीं जातात.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें ही वनस्पति अत्यंत घातक पदार्थांच्या यादींत बसविली. भारताच्या १९८५ च्या कायद्यानें फुलांचे वा फळांचे शेंडे म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस, हीं निषिद्ध ठरविलीं. शेंड्यांवांचूनचीं पानें व बीं त्यांतून वगळलीं. एकाच झाडाचें पान एका खात्याकडे आणि फूल दुसऱ्या खात्याकडे! पानांपासून केलेलीं आयुर्वेदीय औषधें वैद्याच्या देखरेखीखालीं आजहि घेतां येतात; फुलाच्या बाबतींत मात्र वीस किलोच्या वर सांपडल्यास दहा ते वीस वर्षें सक्तमजुरी आहे. २०२० च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें ह्या वनस्पतीला त्या कराराच्या सर्वांत कडक यादींतून काढलें. २७ विरुद्ध २५ अशा काठावरच्या मतांनीं हा ठराव पास झाला, आणि भारताचें मत काढण्याच्या बाजूस पडलें.

आतां बेडीकडे येतों. इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढें २००५ सालीं कांहीं खटले एकत्र सुनावणीस आले. आरोपी गांजा बाळगणारे, पिकविणारे वा पुरविणारे होते, आणि त्यांच्यापैकीं अनेकांनीं आपलें वा दुसऱ्याचें जुनें दुखणें पुढें केलें होतें. (आपल्या भाषेंत 'गांजणें' म्हणजे छळणें; गांजलेल्यानें गांजा घ्यावा हा तिचा एक कडवट विनोदच म्हणावयाचा.) त्यांचा बचाव ज्या तत्त्वावर उभा होता त्याला आपल्याकडे आपद्धर्म असें जुनें नांव आहे. दुष्काळांत विश्वामित्रानें चांडाळाच्या घरचें अभक्ष्य मांस घेतलें आणि धर्मशास्त्रानें त्याला दोष दिला नाहीं, ही शांतिपर्वांतील कथा वाचकांस ठाऊकच आहे. इंग्लिश कायदाहि अशा प्रसंगीं सूट देतो. परंतु न्यायालयानें ती येथें नाकारली. आपत्ति बाहेरून आलेली असली पाहिजे, आणि न्यायाधीशास व ज्यूरीस ती वस्तुनिष्ठपणें तपासतां आली पाहिजे. दुखणें हें ज्याचें त्यालाच कळतें, सबब त्याच्या आधारावर कायद्याला बगल देतां येणार नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा निर्णय निष्ठुर आहे असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. मला तसें म्हणावयाचें नाहीं. प्रत्येकाचें दुखणें हाच जर त्याचा परवाना ठरला तर कायद्याला अर्थच राहणार नाहीं, ही न्यायाधीशांची भीति खरी आहे. दुष्काळ सर्वांना दिसतो. विश्वामित्राच्या भुकेला साऱ्या पंचक्रोशीची साक्ष होती. सांध्यांतील ठणक्याला साक्षीदार कोठून आणावा? परंतु ह्या न्यायाचा पुढचा टप्पा पाहावा. शस्त्रक्रियेनंतर रोगी 'दुखतें' म्हणतो आणि परिचारिका त्याला मॉर्फिन टोंचते. मॉर्फिन गांज्याहून कितीतरी भयंकर, पण तेथें रोग्याच्या शब्दावर कोणी संशय घेत नाहीं, कारण टांके दिसत असतात. म्हणजे आपण दुखण्यावर विश्वास ठेवीत नसून जखमेवर ठेवतों. जखम नसेल तर शब्द खोटा ठरत नाहीं, पण तो निराधार ठरतो. आणि निराधार शब्द वर्षानुवर्षें उच्चारावा लागणें हा जुन्या दुखण्याचा अर्धा भाग आहे. इंग्लंडांतच ह्याचें पुढें प्रत्यंतर आलें. २०१८ च्या उन्हाळ्यांत अपस्माराच्या तीव्र झटक्यांनीं पछाडलेल्या दोन लहान मुलांच्या हकीगती वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून घरोघर गेल्या. आणि जो कायदा जीर्ण दुखण्याच्या रोग्यांनीं इतकीं वर्षें केलेल्या विनवण्यांनीं तसूभर हलला नव्हता तो कांहीं महिन्यांत हलला. १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांस अशीं औषधें लिहून देण्याची मुभा मिळाली. त्या मुलांना न्याय मिळाला ह्यांत मला आनंदच आहे. पण झटका दिसतो, ठणका दिसत नाहीं, एवढ्याच भेदानें काय काय घडूं शकतें हें ह्या उदाहरणावरून कळून येईल.

माझी एक मामेबहीण टोरांटोस असते. पन्नाशीची आहे, बारा वर्षांपासून आमवात. कानडांत औषधासाठीं ह्या वनस्पतीचा वापर २००१ पासून नियमानें मान्य झाला. त्याच्या आदल्याच वर्षीं आँटेरिओच्या अपील न्यायालयानें अशा रोग्याला तुरुंगाची भीति घालणें हें त्याच्या देहाच्या सुरक्षिततेच्या हक्काला बाधक आहे, असा निकाल दिला होता. ती तेथील डॉक्टरांच्या सल्ल्यानें रोगावरील नेहमींच्या गोळ्या घेतेच. शिवाय रात्रीं निजतांना ह्या तेलाचे कांहीं थेंब घेते. दोन हिंवाळ्यांपूर्वीं ती पुतण्याच्या लग्नासाठीं पुण्यास आली ती तेलावांचून. कारण तें सीमेबाहेर नेण्यास तेथला कायदा मना करतो आणि आंत आणण्यास येथला. चौथ्या रात्रीं तीनच्या सुमारास मी उठलों तों ती स्वयंपाकघरांत कोमट पाण्याच्या पातेल्यांत हात बुडवून बसलेली. मीं विचारलें, तेव्हां म्हणाली, "दादा, तेल घेतल्यानें दुखायचें थांबतें असें नाहीं हं. दुखतें, पण जरा लांबून दुखतें. शेजारच्या घरांत कोणी कण्हत असावें ना, तसें. तेवढ्यांत झोंप लागून जाते." सकाळीं माझ्या आईनें, तिच्या आत्यानें, सगळें ऐकून घेतलें आणि ती म्हणाली, "आमच्या वेळीं बाया सोसत असत." बहीण हंसली. "सोसतेंच आहे कीं, आत्या. फक्त जागी राहून."

आईच्या उद्गारांत निर्दयता नव्हती. त्यांत एका पिढीचें सारें नीतिशास्त्र होतें, आणि त्याला उत्तर देणें भाग आहे. सोसणें हा आपल्याकडे मोठा गुण मानलेला आहे आणि तो आहेच. वेदान्तांत तितिक्षेला साधकाच्या षट्संपत्तींत स्थान आहे. आलेलें दुःख प्रतीकार न करतां, विलाप न करतां सहन करणें ती तितिक्षा. परंतु ही संपत्ति साधकाची आहे, आणि साधक तो कीं ज्यानें ती वाट स्वतः धरली. माझ्या बहिणीनें उद्यां ठरविलें कीं मी थेंब घेणार नाहीं, मला दुखण्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहावयाचें आहे, तर तिच्यापुढें मी हात जोडीन. पण थेंब तिच्या हातांतून काढून घेऊन मग तिच्या धैर्याची वाखाणणी करणें हा निराळाच व्यवहार आहे. उपास आणि उपासमार ह्यांतला भेद आपणांस बरोबर कळतो. सोसणें आणि सोसावयास लावणें ह्यांतला कां कळूं नये? आणि दुसरें असें कीं, तितिक्षेचें फळ म्हणून शास्त्रकारांना चित्ताची स्थिरता अभिप्रेत आहे. ज्यांनीं जुन्या दुखण्याच्या रोग्याबरोबर एक महिना काढला आहे त्यांना विचारा, त्या ठणक्यानें चित्त स्थिर होतें कीं देहांत खिळतें. दुखणें माणसाला देहाचा दास बनवितें. वैराग्याच्या आड येणारी वस्तु तेलाची बाटलीच असते असें नाहीं.

एवढें म्हटल्यावर दुसऱ्या बाजूबद्दल बोलणें प्राप्त आहे, आणि तें मी आखडत्या हातानें बोलणार नाहीं. ह्या औषधाचे भाट अलीकडे फार माजले आहेत. कर्करोगापासून केसगळतीपर्यंत सर्व कांहीं ह्यानें बरें होतें असें सांगणारे व्यापारी पाहिले म्हणजे जत्रेंतल्या वैदूची आठवण होते. तो निदान साप तरी दाखवीत असे. जेरुसलेमच्या प्राध्यापक मेशुलम ह्यांच्या प्रयोगशाळेंत १९९२ सालीं असा शोध लागला कीं ह्या वनस्पतीच्या सत्त्वासारखें कार्य करणारा एक पदार्थ आपला मेंदू स्वतःच तयार करतो, आणि संशोधकांनीं संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्याला आनंदमाइड असें नांव दिलें. नांव सुंदर आहे, शोध मोठा आहे. पण जें शरीरांत आहे तें बाहेरून घेतलेलें निरुपद्रवीच असणार, असा जो निष्कर्ष त्यावरून विक्रेते काढतात तो तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेंहि काढूं नये. पित्तहि शरीरांतच असतें.

पुरावा पाहावा तर तो मध्यम प्रतीचा आहे. आमवातावर ह्या औषधाचा जो नियंत्रित प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला त्यांत अवघे ५८ रोगी होते व मुदत पांच आठवड्यांची होती. हालचाल करतांना व स्वस्थ असतांना होणारें दुखणें कांहींसें कमी झालें, झोंप सुधारली, सकाळचा ताठरपणा तसाच राहिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनीं २०१७ सालीं प्रौढांच्या जीर्ण दुखण्यावर ह्याचा उपयोग होतो असा भरीव पुरावा आहे असें म्हटलें. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२१ सालीं पुरावा अपुरा आहे म्हणून पाठिंबा देण्याचें नाकारलें. शहाण्यांत मतभेद आहे. तोट्यांविषयीं मात्र तितका मतभेद नाहीं. कोंवळ्या वयांत ह्याची संवय लागली तर मेंदूच्या वाढीस अपाय संभवतो. ज्यांच्या घराण्यांत बुद्धिभ्रंशाचा रोग आहे त्यांना ह्यापासून दूर ठेवलें पाहिजे. गर्भवतीनें ह्याला शिवूं नये. आणि कांहीं जणांना ह्याचें व्यसन जडतें. हें सारें बाजूस ठेवलें तरी स्वयंप्रतिकार-विकारांत एक खास धोका आहे. हें औषध ठणका दूर नेतें, परंतु सांध्यांची झीज थांबवितें ह्याला माणसांतील भक्कम पुरावा नाहीं. 'नैसर्गिक' ह्या शब्दाला भुलून जो मेथोट्रेक्सेटसारखीं रोगावरचीं औषधें सोडतो आणि नुसत्या थेंबांवर राहतो, त्याचा पहारेकरी गप्प बसतो आणि घर मात्र पडत राहतें. उपशमाचा हक्क मी ज्या आवेशानें मांडला त्याच आवेशानें मला हें सांगितलें पाहिजे कीं ओरड थांबली म्हणजे चोरी थांबली असें नव्हे.

म्हणून हा हक्क रोग्याचा असला तरी त्याची अंमलबजावणी एकट्या रोग्याकडे असूं नये, आणि विक्रेत्याकडे तर मुळींच असूं नये, असें माझें मत आहे. मग ती कशी असावी? ह्याचा एक नमुना त्याच इंग्लंडांत आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंच्या ताठरपणासाठीं ह्या वनस्पतीच्या सत्त्वाचा तोंडांत मारावयाचा फवारा तेथें २०१० सालीं मान्य झाला. तो केव्हां द्यावा ह्याविषयीं सरकारी वैद्यकीय संस्थेनें २०१९ सालीं नियम सुचविले. (त्याच पत्रकांत जीर्ण दुखण्यासाठीं मात्र ह्या सत्त्वाची शिफारस केलेली नाहीं, हेंहि नमूद करावयास पाहिजे.) इतर औषधांनीं गुण आला नसेल तर फवारा चार आठवडे देऊन पाहावा; त्रास निदान २० टक्क्यांनीं कमी झाला तर पुढें चालूं ठेवावा, नाहीं तर बंद करावा. आतां हा २० टक्क्यांचा हिशेब कशावरून करावयाचा? रक्ताच्या तपासणीवरून नव्हे, क्ष-किरणांच्या चित्रावरूनहि नव्हे. शून्य ते दहा अशी एक पट्टी असते, आणि आपला त्रास तिच्यावर कितव्या घरांत बसतो हें रोग्यानें स्वतः सांगावयाचें असतें. न्यायालयाला जी साक्ष अग्राह्य वाटली तीच येथें चार आठवडे रोज घेतली जाते, आणि तिच्यावर औषधाचें चालणें वा थांबणें अवलंबून राहतें. रोगी खोटें बोलणार नाहींत असें गृहीत धरून ही व्यवस्था केलेली नाहीं. पहिल्या दिवशींचा आंकडा, अठ्ठाविसाव्या दिवशींचा आंकडा, आणि मध्यें तपासणारा डॉक्टर, एवढ्या तिघांत खोट्याला जितकी जागा उरते तितकी तिनें सहन केली आहे.

आपल्या १९८५ च्या कायद्याच्या आठव्या कलमांत वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनाचा अपवाद स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. नियम करावे लागतील, परवाने ठरवावे लागतील. पण निदान मूळ कायदा आडवा येत नाहीं. एखाद्या सरकारी रुग्णालयांत चार आठवड्यांची अशी वही उघडावयाची झाल्यास लागेल तो सांध्यांच्या रोगांचा एक जाणकार, मनोविकारांचा एक जाणकार, मोजून दिलेलें प्रमाणित औषध, आणि रोग्यानें सांगितलेला आंकडा खोडाखोड न करतां रकान्यांत लिहून घेणारा एक कारकून.